सांचीचे जीर्णोद्धारक सर जॉन मार्शल

देवस्थानाची स्मरणिका म्हटली की तीत देवतेचा महिमा, देवळाचा इतिहास आणि देणगीदारांची नामावळी यांस अग्रस्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांवर पूजाअर्चेच्या व्यवस्थेइतकीच आणखी एक जबाबदारी असते. पूर्वजांनी उभारलेली वास्तू सुस्थितीत पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे, ही ती जबाबदारी होय. या बाबतीत सोनागिरीतील आपण मराठी मंडळी भाग्यवान आहोत. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर सांचीची टेकडी आहे. जुन्या वास्तूची निगा कशी राखावी, याचा वस्तुपाठ त्या टेकडीवर उभा आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी सांचीचा स्तूप पाहिला असेल. पाहुणे आले की त्यांना घेऊन जाण्याचे ते आपले ठरलेले ठिकाण आहे. मात्र आज आपण जो रेखीव घुमट, जी सरळ उभी तोरणे आणि जो स्वच्छ प्रदक्षिणापथ पाहतो, तो शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने सात वर्षे खपून सावरलेला आहे, हे थोड्यांच्याच ध्यानात येते. त्या पुरुषाच्या, सर जॉन मार्शल यांच्या, कार्याचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

जॉन ह्यूबर्ट मार्शल यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी इंग्लंडमधील चेस्टर या गावी झाला. डलिच येथील शाळा आणि केंब्रिजचे किंग्ज कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. त्यांचा मूळ विषय ग्रीक व लॅटिन वाङ्मय. शिक्षणानंतर ते अथेन्स येथील ब्रिटिश संस्थेत दाखल झाले आणि क्रीट बेटावरील उत्खननांत त्यांनी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. वास्तुशास्त्राची अथवा स्थापत्याची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तरीही भारतातील प्राचीन वास्तूंच्या जतनाचे शास्त्र ज्यांनी घालून दिले, त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते.

त्या काळी आपल्याकडील पुरातत्त्व खात्याची अवस्था शोचनीय होती. १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ज्या कार्याची मुहूर्तमेढ रोवली, ते १८८९ मध्ये जेम्स बर्जेस निवृत्त झाल्यावर जवळजवळ पोरके झाले होते. महासंचालकाचे पद भरलेच गेले नव्हते. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन आले. त्यांच्या राजकारणाविषयी भारतीयांचे मत कडवट असणे स्वाभाविक आहे, परंतु प्राचीन वास्तूंविषयीची त्यांची आस्था खरी होती. त्यांनी महासंचालकाचे पद पुन्हा निर्माण केले आणि १९०२ मध्ये त्यावर मार्शल यांची नेमणूक झाली. मार्शल तेव्हा वयाच्या सव्विसाव्या वर्षात होते. हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेल्या हजारो देवळांची, मशिदींची, लेण्यांची व किल्ल्यांची जबाबदारी या तरुणाच्या खांद्यावर आली आणि १९२८ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, त्यांनी ती वाहिली.

नेमणुकीनंतर दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. देवस्थानांच्या दृष्टीने त्या कायद्यातील दोन तरतुदी लक्षात घेण्याजोग्या आहेत. स्मारक धोक्यात असेल तर सरकारने ते सक्तीने ताब्यात घ्यावे, अशी मुभा त्यात होती; पण जेथे धार्मिक विधी होत असतात अशा वास्तूंना ती सक्ती लागू नव्हती. तसेच संरक्षित झालेल्या पूजास्थानाचा उपयोग त्याच्या स्वरूपाशी विसंगत अशा कामासाठी होऊ नये, असे बंधन सरकारने स्वतःवरच घालून घेतले होते. पूजा चालू असलेले देवालय आणि ओस पडलेली वास्तू यांत भेद केला पाहिजे, हा विचार खात्याच्या पायाशीच होता, असे यावरून दिसते.

आता सांचीकडे वळू. टेकडीवरील मोठ्या स्तूपाचा मूळ गाभा सम्राट अशोकाच्या काळचा, विटांचा आहे. शुंगकाळात त्याभोवती दगडी आवरण चढविण्यात आले आणि त्याचा व्यास जवळजवळ दुप्पट होऊन सुमारे १२० फूट झाला. घुमटाची उंची सुमारे ५४ फूट आहे. पुढे सातवाहनांच्या काळात चार दिशांना चार शिल्पमंडित तोरणे उभी राहिली. दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे, आणि विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी आपल्या हाताने केलेल्या कोरीव कामाची नोंदही त्याच तोरणावर आहे. ज्या सातवाहनांची राजधानी आपल्या पैठणास होती, त्यांच्या नावाचा धागा असा माळव्यातील या टेकडीपर्यंत पोहोचलेला आहे.

मध्ययुगानंतर ही टेकडी विस्मृतीत गेली. १८१८ मध्ये जनरल टेलर या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली, तेव्हा चारपैकी तीन तोरणे जागेवर उभी होती आणि मुख्य घुमट अभंग होता. काळाने जे दीड-दोन हजार वर्षांत केले नाही, ते पुढच्या चार वर्षांत माणसांनी केले. १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सन या अधिकाऱ्याने आत धन असेल या समजुतीने मोठा स्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. त्या खिंडारामुळे घुमट खचला, पश्चिम तोरण कोसळले आणि वेदिकेचा काही भाग पडला. शेजारच्या दोन स्तूपांचीही तीच गत झाली. १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेसी यांनी पुन्हा खोदकाम केले. त्यात सारिपुत्र आणि महामोग्गलान या बुद्धशिष्यांच्या अस्थी मिळाल्या, पण वास्तूंची दुर्दशा तशीच राहिली. गावकऱ्यांच्या हातूनही हानी झाली. दक्षिण तोरणाजवळचा अशोकस्तंभ एका जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडून नेला, अशी हकीकत मार्शल यांनीच नोंदविली आहे. तोरणे उचलून परदेशी धाडण्याच्या गोष्टीही एके काळी निघाल्या होत्या. सुदैवाने १८६९-७० मध्ये लेफ्टनंट कोल यांनी पूर्व तोरणाचा साचा घेतला आणि मूळ तोरण जागेवरच राहिले.

हेच कोल पुढे प्राचीन स्मारकांचे अभिरक्षक झाले आणि १८८१ पासून तीन वर्षांत त्यांनी रान साफ केले, खिंडार बुजविले, दक्षिण व पश्चिम तोरणे पुन्हा उभी केली. त्यांचे हे उपकार विसरता येणार नाहीत. तथापि घाईच्या जीर्णोद्धारात काय घडते याचाही एक दाखला त्यात आहे. दक्षिण तोरणाच्या काही आडव्या तुळया बसविताना उलट बसल्या, त्यामुळे पुढची शिल्पे मागे आणि मागची पुढे झाली. दगड तेच, जागाही तीच. पण शिल्पकाराने योजिलेला क्रम मोडला. शिवाय टेकडीवरील इतर मंदिरे व विहार यांना कोणी हात लावला नव्हता. ते ढिगाऱ्याखाली गाडलेले अथवा पडण्याच्या बेतात होते.

अशा स्थितीत १९१२ मध्ये मार्शल यांनी सांचीचे काम हाती घेतले. सांची तेव्हा भोपाळ संस्थानात होती. ब्रिटिश मुलखातील कायदा येथे आपोआप चालणारा नव्हता, त्यामुळे संस्थानाची संमती आणि त्याचा पैसा यांवर सर्व काही अवलंबून होते. भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी दोन्ही मुक्तहस्ताने दिली. संस्थानची अधिपती मुसलमान राणी, वास्तू बौद्धांची, काम पाहणारा इंग्रज आणि राबणारे हात इथल्या मजुरांचे व कारागिरांचे, असा हा योग होता. आपल्या भोपाळ शहराने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

मार्शल यांनी आरंभ केला तो निरीक्षणाने. त्यांनी टेकडीवरील रान आणि मलबा काढविला, पडलेले दगड पाहिले, कोणता थर कोणत्या काळचा हे तपासले. मोठ्या स्तूपाच्या गाभ्यातील विटांचा आकार मौर्यकालीन विटांशी जुळतो आणि अशोकस्तंभाच्या पायाजवळची जुनी जमीन स्तूपाच्या मूळ जमिनीशी एका पातळीत येते, हे त्यांनी दाखविले. त्यावरून विटांचा स्तूप अशोकाचा आणि दगडी आवरण मागाहूनचे, हा निर्णय झाला. दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम वास्तूचा इतिहास जाणून घेतला पाहिजे, नाहीतर कोणता भाग राखावा आणि कोणता बदलावा हे त्याला कळणार नाही, हे त्यांच्या कामाचे पहिले सूत्र होते.

नंतर प्रत्यक्ष दुरुस्ती. मोठ्या स्तूपाचा नैर्ऋत्येकडील चतुर्थांश भाग कोसळण्याच्या बेतात होता. तो पडता तर दक्षिण व पश्चिम ही दोन्ही तोरणे आणि त्यांमधील वेदिका त्याखाली चिरडली गेली असती. मार्शल यांनी तो संपूर्ण भाग नव्याने बांधून काढला. जिन्यावरील, मेधीवरील आणि माथ्यावरील वेदिका पडल्या होत्या. त्या त्यांच्या मूळ जागी बसविल्या. तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपाचा घुमट, त्याचे छत्र व वेदिका पुन्हा उभ्या केल्या. अठराव्या क्रमांकाच्या मंदिराचे सतरा फूट उंचीचे एकसंध खांब धोकादायक रीतीने कलले होते. ते ओळंब्यात आणून भक्कम पायावर उभे केले. पंचेचाळिसाव्या क्रमांकाचे मध्ययुगीन मंदिर जवळजवळ शेवटच्या घटका मोजीत होते, तेही सावरले. सतराव्या क्रमांकाचे छोटे मंदिर गुप्तकालीन आहे. चौकोनी गाभारा, पुढे चार खांबांचा मंडप आणि वर सपाट छत, एवढाच त्याचा पसारा. पण भारतातील दगडी देवळांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. आपल्या आजच्या गाभारा आणि सभामंडपाच्या रचनेचे बीज ज्यांस पाहावयाचे असेल, त्यांनी सांचीस गेल्यावर या लहानशा मंदिरापुढे थोडे थांबावे.

या सर्व कामांत लोकांच्या नजरेस न येणारी, पण सर्वांत मोलाची कामे वेगळीच होती. मध्यभागाची जमीन आणि पूर्वेकडील उंच ओटा यांमधील लांबच लांब भिंत ढासळत होती, ती त्यांनी बांधून काढली. मोठ्या स्तूपाभोवती साचणाऱ्या पावसाच्या पाण्याचा निचरा केला. गळणारी छपरे दुरुस्त केली. वाटा आखल्या, हिरवळ व झाडे लावविली. विखुरलेली शिल्पे उन्हापावसात राहू नयेत म्हणून १९१९ मध्ये टेकडीवरच एक लहान संग्रहालय उघडले. १९६६ मध्ये ते पायथ्याशी नव्या इमारतीत गेले. पाणी, पाया आणि छप्पर या तीन गोष्टी सांभाळल्या की दगड आपला आपण टिकतो, हे माळव्याचा पावसाळा पाहिलेल्या कोणाही अनुभवी गवंड्यास पटेल. मार्शल यांनी खर्चाचा व श्रमाचा मोठा वाटा तेथेच वेचला.

सांचीजवळच्या आणखी एका स्थळाशी मार्शल यांचे नाव निगडित आहे, आणि ते विष्णुभक्तांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. विदिशेजवळ बेसनगर येथे एक दगडी स्तंभ होता. गावकरी त्यास खांब बाबा म्हणून पुजत आणि शेंदूर लावीत. कनिंगहॅम यांनी तो पाहिला होता, पण शेंदराच्या जाड पुटाखाली काय आहे ते त्यांस दिसले नाही. जानेवारी १९०९ मध्ये ग्वाल्हेर संस्थानचे अभियंते लेक यांच्यासमवेत मार्शल तेथे गेले. पुट थोडे काढताच खाली ब्राह्मी अक्षरे दिसली. तक्षशिलेहून भागभद्र राजाच्या दरबारी आलेल्या हेलिओदोर नामक ग्रीक वकिलाने देवदेव वासुदेवाप्रीत्यर्थ उभारलेला तो गरुडध्वज निघाला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात एक यवन स्वतःस भागवत म्हणवितो, ही वार्ता विद्वज्जगतास चकित करणारी ठरली. पुढे १९१३ ते १९१५ या काळात तेथे उत्खनन केले ते आपल्या डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी. सर रामकृष्णपंत भांडारकरांचे हे चिरंजीव त्या वेळी खात्याच्या पश्चिम विभागाचे अधीक्षक होते. शेजारच्या ग्वाल्हेर संस्थानात माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत स्वतंत्र पुरातत्त्व खाते निघाले आणि मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी ते नावारूपास आणले. गुजरी महालातील संग्रहालय हे त्यांच्या परिश्रमाचे फळ होय. या प्रदेशाच्या जुन्या वास्तू जतन करण्यात मराठी माणसांचा वाटा असा मोठा आहे.

मार्शल यांच्या पुढील आयुष्यातील कामगिरी जगप्रसिद्ध असल्याने येथे थोडक्यात सांगणे पुरे. १९१४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९१३ पासून सुमारे दोन दशके त्यांनी तक्षशिलेचे उत्खनन केले. ज्या नगरीतून हेलिओदोर विदिशेस आला तीच ही नगरी. सप्टेंबर १९२४ मध्ये हडप्पा व मोहेंजोदडो येथील शोधांची वार्ता त्यांनी जगास दिली आणि भारताच्या इतिहासाचा आरंभ सहस्रावधी वर्षांनी मागे गेला. दयाराम साहनी, राखालदास बॅनर्जी, पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित अशा भारतीय विद्वानांनी त्यांच्या हाताखाली काम केले. त्यांपैकी साहनी आणि दीक्षित पुढे स्वतः महासंचालक झाले. १९३४ मध्ये मार्शल मायदेशी परतले. सांचीच्या स्मारकांवरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ फूशे या फ्रेंच पंडिताच्या आणि ननीगोपाल मजुमदार यांच्या सहकार्याने सिद्ध झाला. १७ ऑगस्ट १९५८ रोजी गिल्डफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्यात उणिवा नव्हत्या असे नाही. उत्खननात मातीचे थर काटेकोरपणे न पाहता ठरावीक खोलीनुसार वस्तूंची नोंद करण्याची त्यांची पद्धत सदोष होती, असा आक्षेप त्यांच्यानंतरच्या मॉर्टिमर व्हीलर यांनी घेतला आणि तो विद्वानांनी मान्य केला. परक्या सत्तेचे अधिकारी म्हणून काही निर्णय त्यांनी येथील लोकांस न विचारता घेतले, हेही खरे. परंतु वास्तुजतनाच्या क्षेत्रात त्यांनी जी शिस्त लावली, ती स्वातंत्र्यानंतरही आपल्या सरकारने चालू ठेवली.

ती शिस्त त्यांनी १९२३ मध्ये जतनविषयक नियमांच्या पुस्तकात ग्रथित केली. भिंतीत रुजलेल्या झाडांची मुळे कशी काढावी, चुना कसा तयार करावा, दगडांच्या दरजा कशा भराव्या म्हणजे त्या डोळ्यांत भरणार नाहीत, पाण्यास वाट कशी द्यावी, अशा बारीकसारीक गोष्टी त्यात आहेत. या सर्वांच्या मुळाशी एक विचार आहे. जुन्या वास्तूचे मोल तिच्या अस्सलपणात असते. झिजलेले शिल्प पुन्हा कोरून नवे केले, तर ते आजच्या कारागिराचे होते आणि जुन्याचा पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून नवे करण्यापूर्वी आहे ते टिकविणे, हे पहिले कर्तव्य. मात्र जेथे नित्य पूजा चालू आहे अशा वास्तूंचा विचार त्यांनी वेगळा केला. तेथे भक्तांची सोय आणि विधींची गरज यांसाठी अधिक दुरुस्ती करणे योग्य ठरते, हे त्यांनी मान्य केले.

आपणा महाजनांच्या दृष्टीने या विचारास आज फार महत्त्व आले आहे. देवळांकडे पूर्वीपेक्षा पैसा अधिक येतो आणि जीर्णोद्धाराचा उत्साहही मोठा असतो. त्या उत्साहात जुने लाकडी खांब उतरविले जातात, काळ्या पाषाणावर तैलरंग चढतो, चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा होऊन आतली ओल आतच कोंडते, आणि ज्या पायरीवर पणजोबांनी माथा टेकला तिच्यावर गुळगुळीत फरशी येते. हे करणाऱ्यांची भक्ती खोटी नसते. पण एकदा गेलेली जुनी वास्तू कितीही देणग्या जमल्या तरी परत येत नाही. देवाला नवे वस्त्र अर्पण करणे आणि देवाचे घर बदलून टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सांचीच्या कामापासून घेण्यासारखे काही सोपे नियम आहेत. काम काढण्यापूर्वी देवळाची मापे, नकाशे व छायाचित्रे करून दप्तरी ठेवावीत. प्रथम गळती, पाण्याचा निचरा आणि पाया यांकडे पाहावे, रंगरंगोटीकडे शेवटी. उतरविलेल्या प्रत्येक दगडास क्रमांक द्यावा, म्हणजे तुळया उलट बसण्याची पाळी येणार नाही. मोडलेले जुने शिल्प टाकून न देता आवारातच छताखाली जपावे. नवा दगड घालणे भाग पडले तर तो साधा ठेवावा आणि केव्हा घातला ते लिहून ठेवावे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणि घडीव दगडाचे काम जाणणारा पाथरवट मिळेपर्यंत थांबण्यास हरकत नाही. सभेने ठरविलेल्या मुहूर्तापेक्षा त्यांचे हात महत्त्वाचे.

१९५२ मध्ये सारिपुत्र व महामोग्गलान यांच्या अस्थी इंग्लंडहून परत येऊन सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठित झाल्या आणि त्या टेकडीवर पुन्हा वंदना सुरू झाली. १९८९ मध्ये सांचीचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. मार्शल यांनी ज्या वास्तू निर्जीव समजून सांभाळल्या होत्या, त्या अशा रीतीने पुन्हा भाविकांच्या झाल्या. त्या सांभाळल्या गेल्या नसत्या, तर परत येण्यास जागाच उरली नसती. आपल्या देवालयाच्या भिंतीस हात लावण्यापूर्वी महाजन मंडळींनी एक दिवस सवड काढून, सोबत आपला गवंडीही घेऊन, सांचीची टेकडी चढावी आणि नैर्ऋत्येकडून तो घुमट निरखून पाहावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.